उतरत्या गोळीची कुळकथा

आईच्या औषधांच्या डब्यात एक चिठ्ठी घडी घालून ठेवलेली असते. प्रेडनिसोलोन, सकाळी नाश्त्यानंतर: २० मिलिग्रॅम, मग १५, १०, ७.५, ५ आणि त्याखाली ४, ३, २, १. प्रत्येक आकड्यापुढे किती आठवडे, तेही लिहिलेलं. आमवात उसळला, बोटं सुजली, सकाळी चहाचा कप धरवेना, तेव्हा याच गोळीने तिला दोन दिवसांत उठवून बसवलं होतं. आता ठणका नाही. म्हणून परवा तिने विचारलं, "एवढीशीच उरलीय, तर एकदम सोडली तर काय बिघडतंय?"

प्रश्न साधा आहे. पण चिठ्ठीवरच्या त्या उतरत्या आकड्यांमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात माणसांचे जीवही गेले आहेत.

कथा सुरू होते १९२९ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये. संधिवाताचे डॉक्टर फिलिप हेंच यांना एका रुग्णाने सांगितलं, की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. कावीळ उतरल्यावरही तो आराम काही महिने टिकला. हेंच यांनी अशा नोंदी गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्यांना दिसलं, की गरोदरपणातही अनेक बायकांचा आमवात शांत होतो आणि बाळंतपणानंतर परततो. आमवात म्हणजे एकाच दिशेने जाणारा, न हटणारा रोग, अशी तेव्हाची समजूत. हेंच यांनी उलट विचार केला: शरीरातच असं काहीतरी आहे, जे हा रोग मागे हटवू शकतं. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी नाव दिलं 'सबस्टन्स एक्स'.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या टोकाने खणत होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी बिघडल्या तर माणूस खंगत जातो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं. केंडल यांनी गुरांच्या ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळं केलं आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं दिली. स्वित्झर्लंडमध्ये ताडेउस राइखश्टाइन यांचंही हेच काम चाललं होतं. १९४१ मध्ये हेंच आणि केंडल यांचं ठरलं, की 'कंपाउंड ई' आमवातावर देऊन पाहायचं. अडचण एकच होती: द्यायला ते पुरेसं नव्हतंच. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं, तेही बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून, तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढत. काविळीचा माग काढत निघालेली वाट अशी खरोखरच पित्तापाशी येऊन पोचली.

२१ सप्टेंबर १९४८. जागेवरून हलणं मुश्किल झालेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, रोज १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने. दोन-तीन दिवसांत सांधे मोकळे होऊ लागले. आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. १९४९ च्या एप्रिलमध्ये मेयोच्या सभेत रुग्णांचं चलच्चित्र दाखवलं: आधी फरफटत टाकलेली पावलं, नंतर जिन्यावरून झपझप उतरणारी. 'कंपाउंड ई'चा 'व्हिटॅमिन ई'शी घोटाळा होऊ नये म्हणून नाव ठरलं कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. इंजेक्शनपासून पारितोषिकापर्यंत अवघी दोन वर्षं.

पण हेंच यांनी कॉर्टिसोनला कधीच रोग बरा करणारं औषध म्हटलं नाही. ते बंद केलं की दुखणं परत येतं, हे त्यांच्या पहिल्याच अहवालात होतं. लवकरच इतर गोष्टीही दिसू लागल्या: चेहरा गोल सुजणं, रक्तातली साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, झोप उडणं, कधी मन भरकटणं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी दिसत नव्हती.

ती गोष्ट उंदरांनी आधीच सांगितली होती. केंडल यांच्याबरोबर काम करणाऱ्या ड्वाइट इंगल यांनी १९३७ मध्ये उंदरांना ॲड्रिनलचा अर्क भरपूर दिला, तेव्हा उंदरांच्या स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसून गेल्या. कारण असं: मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला रोज निरोप धाडते, की माल बनव. बाहेरून माल येऊ लागला की निरोप थांबतो. घरी रोज बाहेरचा डबा येऊ लागला की चूल पेटत नाही, तसंच हे. काही महिन्यांनी चूल तर थंड असतेच, घरात सरपणही नसतं. अशा वेळी डबा अचानक बंद झाला, तर?

त्याचं उत्तर १९५२ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमवाताचा ३४ वर्षांचा रुग्ण, कॉर्टिसोनवर असलेला. खुब्याच्या ऑपरेशनआधी औषध थांबवलं. ऑपरेशननंतर रक्तदाब कोसळला, तो पुन्हा वर आलाच नाही. शवविच्छेदनात ॲड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या. निरोगी शरीर ऑपरेशन, ताप, अपघात अशा प्रसंगी ॲड्रिनलचं हे द्रव्य नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनवतं. त्याच्या शरीराजवळ बनवायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्याच वर्षी मेयोच्या चार्ल्स स्लोकम यांनी दुसरी फसगत उघड केली. हेंच यांच्या पहिल्या प्रयोगातले हे सहकारी. डोस कमी करताना काही रुग्णांना थकवा यायचा, अंग मोडून यायचं, स्नायू आणि सांधे दुखायचे. रोग उसळला असं वाटायचं. पण ते दुखणं औषध उतरतानाचं होतं. रोगाचंच समजून डोस वाढवला की माणूस पुन्हा वरच्या पायरीवर, आणि खाली येणं आणखी अवघड. आजही डॉक्टर डोस कमी करताना विचारतात: सांधा सुजलाय का, गरम लागतो का, सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो, की नुसतंच अंग दुखतंय? त्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. आईच्या बाबतीत मी हेच एका वहीत लिहून ठेवतो. दुखणं उसळलं तर गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही आणि घाबरून सोडायचीही नाही. आधी ही वही डॉक्टरांना दाखवायची.

१९५५ मध्ये प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन बाजारात आली. कॉर्टिसोनपेक्षा चौपट-पाचपट जोरकस आणि अंगात मीठपाणी कमी साठवणारी. ग्रंथी मात्र त्यांनीही तशाच झोपतात. त्या जाग्या व्हायला किती वेळ लागतो, हे १९६५ मध्ये मोजलं गेलं: आधी पिट्युटरी शुद्धीवर येते, मागाहून ॲड्रिनल, आणि दीर्घकाळ दबलेली ही घडी पूर्ण बसायला सुमारे नऊ महिने लागू शकतात. चिठ्ठीवरचे आठवडे असे मोजून आलेले आहेत.

म्हणूनच मला सर्वांत भीती वाटते ती सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांची. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड, म्हणजे याच जातीचं औषध, मिसळलेलं आढळलं आहे. घेणाऱ्याला आपण स्टेरॉइडवर आहोत हे ठाऊकच नसतं, आणि बरं वाटलं की तो पुडी एका दिवसात सोडून देतो. त्याच्या हातात उतरायची चिठ्ठी नसते.

आईला मी हे सगळं सांगितलं, आणि मग चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवलं. वरच्या पायऱ्या पाच-पाचच्या, मग अडीच-अडीचच्या आहेत, कारण तिथे हिशेब रोगाचा आहे. साधारण ५ मिलिग्रॅम म्हणजे शरीर स्वतः दिवसाला बनवतं तेवढा वाटा. त्याच्या खाली प्रत्येक मिलिग्रॅम तुझ्या ग्रंथीने उचलायचा आहे. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान आहेत. मध्येच ताप आला, दात काढायचा झाला, तर आधी डॉक्टरांना सांगायचं. उलटीने गोळी पोटात राहिनाशी झाली, तर थेट दवाखाना गाठायचा. तू स्टेरॉइडवर आहेस, असं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये हवं.

तिने चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि ४ च्या आकड्यापुढे पेन्सिलने तारीख लिहिली. "म्हणजे चूल पेटेपर्यंत डबा सुरू ठेवायचा," ती म्हणाली, आणि सकाळची गोळी घेतली.