मित्रास घातलेले गणित

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि १९०१ पासून त्यांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. त्यांतच दिगंबर जैन बोर्डिंग होते. ज्या खेड्यातील घरी गणित सांगणारे कोणी नव्हते, तेथील मुलास यामुळे सहाध्यायी लाभला.

सहाध्यायाचे हे मोल पूर्वसूरींनी जाणले होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील कित्येक उदाहरणे मित्रास उद्देशून घातली आहेत. सहा रसांची मिश्रणे किती होतील, असाही एक प्रश्न ग्रंथात आहे. एकेक रस घेता ६, दोन-दोन घेता १५, तीन-तीन घेता २०, पुढे अनुक्रमे १५, ६ व १, एकूण ६३.

परम्युटेशन-कॉम्बिनेशनचे हेच प्रकरण आजही परीक्षार्थींना अडविते. अशा वेळी एकाने यादी मांडावी, दुसऱ्याने सूत्र लावावे आणि उत्तरे ताडून पाहावीत. तयार उत्तर उतरवून दिल्याने मित्र परीक्षागृहात पुन्हा एकटाच पडतो. रीत उमगली तर ती त्याच्या सोबत जाते. सांगणाऱ्याचेही ज्ञान पक्के होते. म्हणून समाजाने शिष्यवृत्तीबरोबरच मुलांना एकत्र बसण्यास जागा व दिवा द्यावा, हेही ज्ञानदानच होय.