सायकलस्वाराचे कान

सायकल आणि संगीत यांची जोडी बरीच जुनी आहे. अमेरिकेतील हफी कंपनीने १९५५ साली ‘रेडिओबाइक’ नावाची सायकल विकायला काढली. तिच्या सांगाड्यातल्या टाकीसारख्या भागात निर्वात नळ्यांचा रेडिओ बसवलेला होता आणि त्याची बॅटरी मागच्या कॅरियरवर होती. पुढे ट्रान्झिस्टर आला तेव्हा खास सायकलीची गरजच उरली नाही. चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर हँडलला अडकवून क्रिकेटचे धावते वर्णन किंवा विविध भारती ऐकत जाणारा सायकलस्वार महाराष्ट्रातल्या गावाशहरांतही दिसत असे. त्या गाण्यांचा कुणाला त्रास झालाच तर तो शेजारून जाणाऱ्याला. सायकलस्वाराचे कान मात्र उघडेच राहत. रेडिओचा आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळत होता, त्याला अडवत नव्हता.

हे चित्र १९७९ साली बदलले. त्या वर्षीच्या १ जुलैला सोनी कंपनीचा पहिला वॉकमन, म्हणजे हेडफोनवर ऐकायचा छोटा कॅसेट प्लेअर, जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीस आला. पत्रकारांना तो दाखवण्यासाठी कंपनीने त्यांना बसने तोक्योच्या योयोगी उद्यानात नेले. तिथे जी प्रात्यक्षिके झाली त्यांत दोघांच्या सायकलीवर बसून वॉकमन ऐकणारे तरुण-तरुणीही होते. म्हणजे सायकलवर संगीत ऐकणे हा वॉकमनचा पुढे कुणी शोधून काढलेला वापर नव्हे. पहिल्या जाहिरातीतच तो होता. एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, अशी सोनीचे आकिओ मोरिता यांना शंका होती. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जोडण्या आणि एक नारिंगी बटण दिले होते. बटण दाबले की संगीत मंद होई आणि समोरच्याचे बोलणे मायक्रोफोनमधून कानात येई. ग्राहकांना एकट्याने ऐकणेच आवडते हे लवकरच लक्षात आले आणि नंतरच्या मॉडेलांतून ही सोय गेली.

मग कायदे आले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या वुडब्रिज नगरपालिकेने १९८२ साली रस्त्यावर हेडफोन लावण्यास बंदी करून दंड आणि कैद अशी शिक्षा ठेवली. कायदेकर्त्यांनी पुढे रेषा कुठे ओढली हे देशोदेशी पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणे गुन्हा आहे, एक कान मोकळा असेल तर चालते. जर्मनीत उपकरणाला बंदी नाही, पण त्यामुळे ऐकण्यात अडथळा येता कामा नये. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून वाहनचालकांबरोबर सायकलस्वारांनाही कानात आवाज ऐकवणारे उपकरण घालण्यास मनाई केली आणि १३५ युरो दंड ठेवला. स्पेनमध्येही बंदी आहे. सायकलींचा देश असलेल्या नेदरलँड्समध्ये मात्र २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरणे गुन्हा ठरले, तरी हेडफोनला मोकळीक राहिली. ब्रिटनमध्येही वेगळी बंदी नाही. लंडनमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार मरण पावले, तेव्हा महापौर बोरिस जॉन्सन यांनी बंदीला अनुकूलता दाखवली. त्यावर सायकलवाद्यांनी अवजड वाहने आणि रस्त्यांच्या रचनेकडे बोट दाखवले. तो आक्षेप रास्त होता. हेडफोनवर चर्चा करणे चौक नव्याने बांधण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

शर्यतींच्या जगात मात्र नेमका उलटा वाद झाला. तिथे १९९० च्या दशकापासून खेळाडूंच्या कानात रेडिओवरून संघव्यवस्थापकाचा आवाज येऊ लागला होता. २००९ च्या ‘टूर द फ्रान्स’मधील दहावा टप्पा या रेडिओविना घेतला गेला, तेव्हा बहुतेक संघांनी विरोध केला. पुढच्या वळणावरचा धोका किंवा अपघात खेळाडूला कळवता येत नाही, म्हणून रेडिओ नसणेच असुरक्षित, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रत्यक्ष मोजमाप बऱ्याच उशिरा सुरू झाले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात डिक द वार्ड आणि सहकाऱ्यांनी सायकलस्वारांना गाणी ऐकवत चाचण्या घेतल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार संगीत ऐकताना बाहेरचे आवाज निसटतात आणि कानात खोल बसणाऱ्या इअरफोननी ते सर्वांत जास्त निसटतात. एकाच कानात साधा इअरफोन असेल तर फारसा फरक पडत नाही. फोनवर बोलण्याने लक्ष अधिक विचलित होते. २०१७ साली डच संशोधकांनी दोन हजारांहून अधिक सायकलस्वारांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत संगीताने आवाज ओळखणे बिघडते हे दिसले, पण इतर घटक वगळल्यावर किशोरवयीनांमध्ये संगीत ऐकणे आणि अपघाताचे प्रसंग यांचा संबंध आढळला नाही. गाणी ऐकणारे कदाचित अधिक सावधपणे बघत असावेत, असा तर्क संशोधकांनी मांडला. त्याला त्यांनी एक पुस्तीही जोडली: जिथे सायकलमार्ग नेदरलँड्सइतके सुरक्षित नाहीत, तिथे हे लागू होईलच असे नाही.

सायकलला सहसा आरसा नसतो, त्यामुळे मागून येणारे वाहन आधी कानाला कळते, डोळ्याला नंतर. वेग वाढला की वाराच कानात घोंघावतो आणि ऐकण्याची कुवत आधीच कमी होते. शिवाय आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. एक कान मोकळा ठेवला तर गाडी आली हे कळेल, पण कुठून आली हे नीट कळेलच असे नाही. कॅलिफोर्नियाची तडजोड इथे थोडी तोकडी पडते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी अडचण आणखी वाढवली. संथ वेगात त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा प्रत्येक नव्या गाडीला कृत्रिम आवाज सक्तीचा केला. गालफडाच्या हाडातून ध्वनी पोचवणारे आणि कान उघडा ठेवणारे हेडफोन हा अलीकडचा उपाय. त्याने कानाचा प्रश्न सुटतो, लक्षाचा सुटत नाही.

भारतात सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे दुचाकीस्वाराच्या इअरफोनवर जशी कारवाईची चर्चा होते तशी सायकलस्वाराबद्दल क्वचितच होते. पण डच संशोधकांची पुस्ती पुण्या-मुंबईच्या रस्त्यांना नेमकी लागू पडते. इथे मागच्या वाहनाची पहिली सूचना हॉर्ननेच मिळते आणि सायकलमार्ग असला तरी त्यावर दुचाकी उभी असू शकते. मोकळ्या, गाड्या नसलेल्या वाटेवर मंद आवाजात गाणी ऐकायला हरकत नाही. वाहत्या रस्त्यावर दोन्ही कान बंद करून सायकल चालवणे मात्र धोक्याचेच आहे.