खानदेशांतील फड आणि पाण्याची तूट

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून पांझरा, मोसम, आरम, गिरणा ह्या नद्या निघतात आणि पर्जन्यछायेच्या प्रदेशांत उतरतात. डोंगरावर पाऊस कोसळतो. खालीं साक्री, बागलाण, धुळें ह्या बाजूस मात्र आकाशाचा हात नेहमींच आंखडलेला. ह्या नद्यांवर गांवकऱ्यांनीं तीन-चारशें वर्षांपूर्वीं बुटके दगडी बंधारे घातले आणि त्यांच्या पाण्यावर एक व्यवस्था उभी केली. तिला फड म्हणतात. श्रोतेहो, फड म्हटला कीं आपणां शहरवासीयांस तमाशाचा अगर कुस्तीचा फड आठवतो. येथें तो शब्द शेतांच्या सलग पट्ट्यास लावलेला आहे.

बंधाऱ्यापासून पाट निघे, पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेतांत जाणारे सारंग. उरलेलें पाणी पुन्हां नदींत पडे व खालच्या गांवाच्या बंधाऱ्यास मिळे. ह्या बांधकामांत फारसें नवल नाहीं. नवल आहे तें वांटणींत. पाटाखालची जमीन बहुधा तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडांत एका हंगामांत एकच पीक; एकांत ऊंस, तर दुसऱ्यांत गहूं किंवा हरभरा, आणि पुढें त्यांची फेरपालट. बहुतेक कुटुंबांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत.

हंगामापूर्वीं पंच व शेतकरी एकत्र बसत आणि नदीच्या पाण्याचा अदमास घेऊन कोणते फड भिजवावयाचे व कोणता कोरडा ठेवावयाचा, हें ठरवीत. ह्या एका निर्णयांत सर्व व्यवस्थेचें मर्म आहे. कोरड्या फडांत ज्याचें शेत पडीक राही, त्याचेंच दुसरें शेत भिजणाऱ्या फडांत असे. तूट अशी सर्वांच्या पदरीं थोडथोडी पडे. पाटाच्या शेवटास ज्याची जमीन, त्याच्याच माथीं ती सारी बसत नसे. शिवाय ती आधीं ठरे. पीक करपूं लागल्यावर भांडण्यापेक्षां पेरणीपूर्वीं भांडणें बरें, हा व्यवहार त्या मंडळींना पुरता उमगला होता.

पाणी शेतांत सोडण्याचें काम पाटकऱ्याचें; पिकांची राखण जागल्याची; त्यांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपानें मिळे, आणि पाट-बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा भार जमिनीच्या प्रमाणांत विभागला जाई. फडांत एकच पीक घेण्याचा आणखी एक उपयोग असावा, असें मला वाटतें. शेजारच्या शेताहून एखादें शेत अधिक हिरवें दिसलें, तर तेथें रात्रीं कोणी पाणी फिरविलें, हें सांगावयास पंचांची गरज उरत नसेल.

ह्यास सुवर्णयुग म्हणण्याचें मात्र कारण नाहीं. ज्याच्या नांवावर फडांत जमीन नाहीं, त्याचा पाण्यावर हक्क नव्हता. भूमिहीनांच्या वांट्यास मजुरीच येई. १८०३-०४ च्या दुष्काळानें व लुटालुटीनें खानदेश ओसाड झाला, तेव्हां ही शिस्त गांवांना वांचवूं शकली नाहीं. १८९९-१९०० चा दुष्काळहि भयंकर होता. बेताची तूट वांटून घेणें हें फडाचें बळ. वांटावयास कांहींच नसेल तेथें तें लटकें पडे.

पुढें नद्यांचें स्वरूपच बदललें. १९११ सालीं गिरणेवर चणकापूरचें धरण झालें; स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारी व पांझरेच्या खोऱ्यांत आणखी धरणें आलीं. पाणी केव्हां येणार हें नदीऐवजीं सरकारी पाळी ठरवूं लागली. त्याच सुमारास इंजिनें, नंतर विजेचे पंप विहिरींवर बसले. विहीरवाल्यास पंचांची पर्वा कशाला? तो वाटेल तें पीक काढी, आणि भूगर्भांतील उपशानें नदीचा उन्हाळी झरा मात्र आटत जाई.

१९९० सालीं एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषींनीं स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाट, जपानमधील सामायिक रानें अशा उदाहरणांवरून दाखविलें कीं सामायिक संपत्ति माणसें आपल्याच नियमांनीं दीर्घकाळ सांभाळूं शकतात. २००९ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. खानदेशच्या पंचांना ह्यांत नवें कांहीं वाटलें नसतें.

हा इतिहास आज उकरण्याचें कारण हवामान. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, २०१५ चें अवर्षण, २०१९ च्या ऑक्टोबरांतील अवकाळी पाऊस: एका शेतकऱ्यानें पांच-सहा वर्षांत हें सारें पाहिलें. आतां पाण्याचा अदमास दरवर्षीं नव्यानें घ्यावा लागणार. महाराष्ट्रानें २००५ सालीं कायदा करून धरणाचें पाणी मोजून पाणीवापर संस्थांच्या हातीं देण्याची तरतूद केली. ठरलेल्या पाण्यांत कोणतें पीक घ्यावें, हें स्वातंत्र्य शेतकऱ्यास दिलें. फडानें नेमकें तेंच स्वातंत्र्य काढून घेतलें होतें, आणि त्याच्या बदल्यांत तुटीच्या वर्षीं कोणालाहि एकटें पडूं दिलें नव्हतें. डाळिंब आणि द्राक्षें लावून बसलेला बागलाणचा बागाईतदार हा सौदा पुन्हां पत्करील काय? बाग कांहीं एका हंगामापुरती कोरडी ठेवतां येत नाहीं.