तोलेदोचें यहुदी प्रार्थनामंदिर

स्पेनमधील तोलेदो हें प्राचीन नगर ताखो नदीच्या वळणांत उंच खडकावर वसलेलें आहे. इ. स. १०८५ मध्यें तें मुसलमानांकडून ख्रिस्ती राजाच्या हातीं गेलें. परंतु मुसलमान कारागीर आणि यहुदी पंडित व व्यापारी तेथें राहिले. त्या यहुदी वस्तींत इ. स. १३५७ च्या सुमारास शमुवेल हालेवी यानें एक प्रार्थनामंदिर बांधविलें. शमुवेल हा कास्तीलचा राजा पेद्रो याचा खजिनदार. राजाज्ञेवांचून नवें सिनेगॉग उभारूं नये, असा तेथील जुना निर्बंध होता. त्यामुळें हें मंदिर जितकें भक्तीचें, तितकेंच राजकृपेचेंहि चिन्ह होतें.

बाहेरून इमारत साधी, विटांची आहे. आंत मात्र सुमारें २३ मीटर लांबीचें एकच भव्य दालन असून त्यावर नक्षीदार लाकडी तक्तपोशी आहे. गिलाव्यांत कोरलेल्या वेली आणि पाकळ्यांच्या घाटाच्या कमानी पाहून ग्रानादाच्या मुसलमानी राजवाड्यांचें स्मरण होतें. पूर्वेच्या भिंतींत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांची जागा आणि दक्षिणेस स्त्रियांचा सज्जा आहे. भिंतींवर स्तोत्रांतील वचनें हिब्रू अक्षरांत कोरलीं आहेत. पानाफुलांच्या नक्षींत अरबी अक्षरेंहि गुंफलीं आहेत. त्यांच्याच शेजारीं कास्तीलचा किल्ला व लिओनचा सिंह हीं ख्रिस्ती राजाचीं चिन्हें दिसतात. परधर्मीयांची शैली म्हणून कोणी ती टाळली नाहीं. उत्तम कारागिरीचा तो सर्वांचा वारसा होता.

पण राजकृपा टिकाऊ नव्हती. कांहीं वर्षांतच पेद्रोनें शमुवेलला कैद केलें आणि सेव्हिलमध्यें छळांत त्याचा अंत झाला. इ. स. १३९१ मध्यें यहुदी वस्त्यांवर भीषण हल्ले झाले, इ. स. १४९२ च्या आज्ञेनें, बाप्तिस्मा न घेणाऱ्या यहुद्यांना देश सोडावा लागला. मंदिर कालात्राव्हा येथील ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाकडे जाऊन त्याचें चर्च झालें. पुढें मेरीच्या देहावसानाच्या एका चित्रावरून त्याला 'एल त्रान्सितो' हें नांव पडलें.

वेदी आली, तरी हिब्रू अक्षरें बहुतांशीं शाबूत राहिलीं. इ. स. १८७७ मध्यें ही वास्तु राष्ट्रीय स्मारक ठरली. आज तेथें स्पेनच्या यहुद्यांचें संग्रहालय आहे. तीन धर्मांच्या खुणा एका भिंतीवर नांदल्या, म्हणून त्या धर्मांचीं माणसें सुरक्षित होतीं असें मात्र नाहीं. कलेची देवघेव कारागिरांच्या हातीं होती. जीविताची हमी राजाच्या मर्जीवर अवलंबून होती. त्या मर्जीपेक्षां गिलाव्यांतील अक्षरें अधिक टिकाऊ ठरलीं.