शिकस्ती-पयस्ती

'प्रयत्नांची शिकस्त' आपण मराठीत सहज म्हणतो. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणे, हार. बंगालच्या महसुली दफ्तरात नदीने तोडून नेलेली जमीन ती शिकस्ती, आणि आणून जोडलेली ती पयस्ती. आपल्या मोडी कागदांत पैवस्त म्हणजे पोचलेले पत्र. तिकडे जमीनच पोचते, बहुधा दुसऱ्याच्या दारी.

ती कोणाची, हे ठरवायला कंपनी सरकारने १८२५ चे अकरावे रेग्युलेशन केले. हळूहळू साचलेला गाळ लगतच्या जमीनदाराचा, मोठ्या नदीच्या मधोमध वर आलेले बेट सरकारचे. पुढे १८७० मध्ये लोपेझ खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला की, बुडालेली जमीन त्याच जागी पुन्हा वर आली तर ती मूळ मालकाचीच. निवाडा चांगला होता, पण तो मालकासाठी. कसणाऱ्याच्या हाती कागद कुठे होता?

गंगेवर फराक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झाले. कोलकाता बंदरातला गाळ धुऊन निघावा, हा हेतू. बंगालचेच अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी आधीच विरोध केला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. बॅरेजच्या वरच्या अंगाला गाळ साचला आणि पात्र डावीकडे, मालदा जिल्ह्यात सरकत गेले. पंचानंदपूरसारखी भरभराटीची बाजारपेठ नदीत गेली. समोरच्या काठाला, झारखंडच्या (२००० पूर्वी बिहारच्या) बाजूने, तीच माती चर होऊन वर आली. उखडलेली माणसे तिथे जाऊन राहिली, तर आपण कोणत्या राज्याचे, हाच वाद उभा राहिला!

या काठावर घर बांधतानाच ते उचलून नेण्याचा विचार असतो: बांबू, तागाच्या काड्यांच्या भिंती, वर पत्रे. दरड फुटू लागली की घर सोडवून होडीत घालायचे आणि बांधाच्या उतारावर किंवा रस्त्याकडेला पुन्हा उभे करायचे. नव्या गाळात उडीद फेकायचा, त्याला नांगर लागत नाही. मुर्शिदाबादेत बायका बिड्या वळतात. पुरुष गवंडीकामाला केरळात, मुंबईत येतात.

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या मुर्शिदाबादच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. भारतीय असल्याचे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. ते सारे नदीने उठवलेले होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे गाव निदान दाखवता येत होते. ज्यांच्या कागदावरचे गाव गंगेच्या तळाशी आहे, ते चौकीवर काय दाखवणार?