धोब्याच्या वहीतली कादंबरी

इंग्लंडमधल्या कंट्री हाउसमध्ये घडणाऱ्या खुनाच्या कादंबरीचं सामान ठरलेलं असतं. गावाबाहेरचा ऐसपैस बंगला, सुटीला जमलेले पाहुणे, लायब्ररीत प्रेत आणि चहाच्या ट्रेबरोबर खोल्याखोल्यांतून फिरणारा संशय. या खेळीमेळीच्या प्रकाराचं मूळ शोधत गेलं की आपण एका खऱ्या घरापाशी पोचतो, आणि तिथे खेळीमेळीचं काहीच नाही.

ते घर म्हणजे विल्टशरमधलं रोड हिल हाउस. 29 जून 1860 च्या रात्री मालक सॅम्युएल केंट, त्यांचं कुटुंब आणि नोकर मिळून बारा माणसं तिथे झोपली होती. सकाळी मुलांच्या खोलीतून केंट यांचा मुलगा सॅव्हिल नाहीसा झालेला. वय चार वर्षंही नाही. गळा चिरलेलं त्याचं प्रेत आवारातल्या संडासात सापडलं. दिवाणखान्याची खिडकी थोडी उघडी होती, पण बाहेरून कुणी आल्याचा माग नव्हता. म्हणजे खुनी घरातलाच.

दोनेक आठवड्यांनी स्कॉटलंड यार्डहून जोनाथन व्हिचर आला. 1842 साली लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची आठ जणांची शाखा निघाली, तेव्हापासूनचा हा माणूस. बाप माळी. धुण्याला दिलेल्या कपड्यांची वही चाळताना त्याला दिसलं, की सॅव्हिलच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा, कॉन्स्टन्सचा, एक नाइटगाऊन कमी आहे. रक्ताने भरलेला गाऊन तिने नष्ट केला आणि दोष धोबिणीवर ढकलला, हा त्याचा तर्क.

गाऊन मिळाला नाही. अटक झालेली कॉन्स्टन्स सुटली आणि लोक व्हिचरवरच तुटून पडले. माळ्याच्या पोराने सभ्य घरातल्या मुलीच्या अंगच्या कपड्यांची चौकशी करावी, याचा संताप खुनाच्या संतापाहून फार कमी नसावा, असं मला वाटतं. 1865 मध्ये तिने स्वतःच गुन्हा कबूल केला. तोवर व्हिचर नोकरी सोडून गेला होता.

विल्की कॉलिन्सने 1868 च्या ‘द मूनस्टोन’मध्ये यातलं बरंच उचललं: यॉर्कशरमधला बंगला, वाढदिवसाची रात्र, डाग पडलेला नाइटगाऊन, धुण्याची वही, घरच्या मुलीवर संशय घेणारा आणि तिच्या आईकडून निरोप मिळणारा सार्जंट कफ. कफला गुलाबांचं वेड आहे, ते व्हिचरच्या बापाकडून आलं असेल का? खून मात्र कॉलिन्सने मागे ठेवला; चोरीला जातो हिरा. तो 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटलेला. लुटीचा माल चोरीला गेला म्हणून साऱ्या घराने हवालदिल व्हावं, यातली गंमत आपल्याला जास्त कळते. कॉलिन्सलाही ती कळत होती. म्हणून शेवटी हिरा सोमनाथला परततो.

साचा तयार झाला, पण व्हिचरची अडचण उरलीच: पोलिसाला बंगल्यात कोण मोकळेपणी फिरू देणार? पुढच्या लेखकांनी तपास करणाराच बदलला. ए. ए. मिल्नच्या ‘द रेड हाउस मिस्टरी’त (1922) एक रिकामटेकडा, पैसेवाला तरुण हौसेखातर तपास करतो. डोरोथी सेअर्सने 1923 मध्ये थेट लॉर्ड पीटर विम्झीला आणलं, म्हणजे बंगलेवाल्यांपैकीच एकाला.

अगाथा ख्रिस्तीने जास्त हुशारी केली. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं तयार करताना तिला विषांची माहिती झाली. ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’मधला (1920) खून त्याच ज्ञानावर उभा आहे. तिचा पॉयरो मूळचा पोलिसच, पण निवृत्त आणि बेल्जियमहून आलेला निर्वासित. इंग्रजांच्या उच्चनीचतेच्या कुठल्याच पायरीवर तो नीट बसत नाही, म्हणून मोलकरणीशी आणि मालकिणीशी सारख्याच सहजपणे बोलतो. स्कॉटलंड यार्डचा जॅपही कादंबरीत आहे. तो वॉरंट घेऊन येतो, आणि ज्याला पकडायचं तो त्या वेळी दुसरीकडेच होता हे पॉयरो त्याला दाखवून देतो.