दर्शनी भिंत आणि घरातली माणसे

वास्तूचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन? अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराचा इतिहास वाचताना हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. ड्यूबोस हेवर्ड यांच्या 'पोर्गी' (१९२५) या कादंबरीतील 'कॅटफिश रो' ही वस्ती तेथील चर्च स्ट्रीटवरच्या 'कॅबेज रो' या गरीब कृष्णवर्णीयांच्या चाळीवर बेतलेली आहे. त्याच दशकात चाळीतले भाडेकरू गेले आणि इमारत नव्याने सजली. १९३१ मध्ये शहराने अमेरिकेतील पहिला संरक्षित ऐतिहासिक विभाग आखला आणि इमारतींच्या बाह्यरूपातील बदल तपासणारे मंडळ नेमले. रस्त्यावरून दिसणारे रूप मंडळाने राखले. आत कोण राहते, हा त्याच्या अधिकाराचा विषय नव्हता. पुढे याच रूपाची पर्यटकांना भुरळ पडली आणि राहती घरे दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली. निवासी भागात असे पाहुणे ठेवायचे, तर मालकाने स्वतः तेथे राहिले पाहिजे, अशी अट २०१८ मध्ये आली. रूपाच्या नियमानंतर वास्तव्याचा हा नियम येईपर्यंत सत्त्याऐंशी वर्षे गेली. तोवर 'कॅबेज रो'ची माणसे कादंबरीतच उरली होती. 'पोर्गी' शिकवताना हा इतिहासही सोबत वाचला जावा, असे आम्हांला वाटते.